पात्रतेचे आकडे पुरेत, शिक्षणाचा हिशेब द्या : एनसीएएच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. चार्ली बेकर, अध्यक्ष, एनसीएए (अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी संघटना),
तसेच ‘डिव्हिजन वन’ या तिच्या सर्वोच्च श्रेणीतील सर्व सदस्य विद्यापीठांचे अध्यक्ष व कुलगुरू

सप्रेम नमस्कार.

6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ या दाव्यातील तडजोडीला मंजुरी दिली आणि विद्यापीठांनी आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देण्याचा मार्ग मोकळा झाला. जुन्या खेळाडूंच्या भरपाईसाठी सुमारे 280 कोटी डॉलर, आणि 2025-26 या वर्षात प्रत्येक सहभागी विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये वाटता येतील असे जास्तीत जास्त 2 कोटी 5 लाख डॉलर, असे त्या तडजोडीचे ठळक स्वरूप आहे. ज्यांच्या अंगमेहनतीवर स्टेडियम भरतात आणि दूरचित्रवाणीचे करार होतात त्यांना त्यातला वाटा मिळाला हे न्यायाचेच झाले, आणि ते व्हायला फार उशीर झाला, असे माझे मत आहे. परंतु त्यानंतर विद्यापीठातल्या बैठकांमध्ये आणि बाहेरही एक विचार मी वारंवार ऐकते आहे : या मुलांना आता पैसे मिळतात, तेव्हा त्यांच्या अभ्यासाची एवढी काळजी कशाला करायची? हा विचार मला मान्य नाही. तो आपणही जाहीरपणे अमान्य करावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवते आणि माझ्या वर्गात दर वर्षी फुटबॉल संघातली मुले असतात. इथला फुटबॉल म्हणजे शिरस्त्राण घालून अंडाकृती चेंडूने खेळायचा अमेरिकी खेळ. मी ज्या कोल्हापुरात वाढले तिथला फुटबॉल वेगळा. पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या सामन्याला लोटणारी गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला खेळाचे वेड परके वाटत नाही, आणि मला ते वेड वाईटही वाटत नाही. पत्र मराठीत लिहिण्याचे कारण असे, की अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुले याच विद्यापीठांमध्ये शिकतात, अनेक ठिकाणी त्यांच्या शुल्कातला काही भाग क्रीडा विभागाकडे जातो, आणि शनिवारी त्याच संघाचे रंग अंगावर घालून आम्ही सामने पाहायला बसतो. मैदानावरच्या त्या मुलाला वर्गात काय मिळते, याची चौकशी मात्र आमच्यापैकी फार थोडे लोक करतात. आपल्याकडे इंग्रजी प्रत स्वतंत्रपणे पाठवत आहे. ही प्रत त्या कुटुंबांनीही वाचावी, अशी इच्छा आहे.

माझी पहिली तक्रार प्रवेशाच्या निकषांविषयी आहे. 1965 मध्ये आपल्या संस्थेने 1.600 चा नियम केला, म्हणजे मुलाला विद्यापीठात 4 पैकी किमान 1.600 सरासरी मिळेल असा अंदाज निघण्याची अट घातली, आणि 1973 मध्ये तो मागे घेतला. मग दर्जा घसरल्याची ओरड झाल्यावर 1983 मध्ये ‘प्रपोझिशन 48’ मंजूर झाले, जे 1986 पासून अमलात आले आणि ज्यात शालेय गुणांसोबत एसएटी किंवा एसीटी या परीक्षांची किमान पातळी घालून दिली होती. या अटीने गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांवर अन्याय होतो, असे पुष्कळांनी सांगितले. 1989 मध्ये त्याहून कडक प्रस्ताव आला तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू होताना निषेध म्हणून मैदान सोडून गेले. त्यांचा आक्षेप मला पटतो. म्हणूनच जानेवारी 2023 मध्ये आपण या परीक्षांची अट कायमची काढून टाकलीत, त्या निर्णयाला माझा सरसकट विरोध नाही. विरोध आहे तो त्या जागी काहीही न ठेवण्याला. आता मदार उरली ती प्रामुख्याने शाळेतल्या 16 मुख्य विषयांवर आणि त्यांतल्या 4 पैकी 2.3 या सरासरीवर. ते गुण देणाऱ्या शाळेलाही ठाऊक असते की या एका अंकावर मुलाची शिष्यवृत्ती अवलंबून आहे. प्रवेशानंतर मुलाला सलग दहा पाने वाचून त्यांचा सारांश लिहिता येतो का, अपूर्णांक आणि टक्केवारी यांचा अर्थ त्याला उमगतो का, हे विद्यापीठाने प्रामाणिकपणे तपासावे आणि जिथे उणीव असेल तिथे ती भरून काढायला वेळ द्यावा, अशी कोणतीही सक्ती त्या निर्णयासोबत आली नाही. 1972 पर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना विद्यापीठाच्या मुख्य फुटबॉल संघातून खेळता येत नसे. अठरा वर्षांच्या मुलाला विद्यापीठात रुळायला मिळणारे ते एक वर्ष आपण काढून घेतले, आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्याची भरपाई कधीच केली नाही.

यामुळे काय घडते, हे देशाने पूर्वी पाहिलेले आहे. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे खेळून व्यावसायिक फुटबॉलमध्ये नावाजलेले डेक्स्टर मॅनली यांनी 1989 मध्ये अमेरिकी संसदेतल्या सेनेटच्या उपसमितीसमोर अश्रू आवरत सांगितले, की आपल्याला वाचता येत नव्हते. जॉर्जिया विद्यापीठातल्या शिक्षिका जॅन केम्प यांनी, नापास झालेल्या फुटबॉल खेळाडूंना नियम डावलून पुढे ढकलले जात असल्याचे उघड केले, त्यांची नोकरी गेली, आणि 1986 मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्या खटल्यानंतर चाळीस वर्षे उलटत आली, तरी तक्रार करणाऱ्या शिक्षकाला संरक्षण देणारा ठोस नियम आपल्या पुस्तकात मला आढळत नाही. माझा स्वतःचा अनुभव केम्प यांच्याइतका गंभीर नाही. सत्र संपत आले की ‘याला सी श्रेणी मिळावी म्हणून अजून काही करता येईल का’ असा नम्र शब्दांतला निरोप येतो, त्यात धमकी नसते आणि अपमानही नसतो. परंतु ज्या शिक्षकाची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, त्याला त्या नम्रतेमागचे वजन कळते.

दुसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, आणि ती आपल्याच निकालांबद्दल आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल परिसरात 1993 ते 2011 या काळात आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात असे वर्ग चालवले गेले, ज्यांत व्याख्यान होत नसे, प्राध्यापक भेटत नसत, सत्राअखेर एक निबंध द्यायचा आणि तो तपासून वरचे गुण देण्याचे काम विभागातली एक कार्यालयीन कर्मचारी करीत असे. विद्यापीठाने चौकशीसाठी नेमलेले माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टीन यांच्या ऑक्टोबर 2014 मधील अहवालानुसार 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू होते. ती कर्मचारी निवृत्त झाल्यावर फुटबॉल संघाच्या शैक्षणिक सल्लागारांनी प्रशिक्षकांपुढे मांडलेली माहिती त्या अहवालात नोंदलेली आहे : वर्गात जावे लागत नव्हते, टिपणे काढावी लागत नव्हती, लक्ष द्यावे लागत नव्हते, असे वर्ग आता उरलेले नाहीत, तेव्हा संघाच्या गुणांचे काय होणार, अशी ती चिंता होती. एवढा पुरावा समोर असताना 13 ऑक्टोबर 2017 रोजी आपल्या समितीने जाहीर केले, की ते वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले असल्याने आपल्या नियमांचा भंग झाला असे म्हणता येत नाही. आणि विद्यापीठाला कोणतीही शिक्षा झाली नाही.

आता याच्या शेजारी मिसुरी विद्यापीठाचा निकाल ठेवून पाहावा. तिथे एका शिकवणी घेणाऱ्या कर्मचारी महिलेने खेळाडूंचे काम आपण स्वतः करून दिल्याचे 2016 मध्ये आपणहून कबूल केले, विद्यापीठाने चौकशीत सहकार्य केले, आणि जानेवारी 2019 मध्ये आपण त्यांच्या फुटबॉल संघाला हंगामोत्तर सामन्यांतून वर्षभरासाठी बाद केले. एका खेळाडूचा गृहपाठ दुसऱ्याने केला तर तो गुन्हा, आणि अठरा वर्षे संपूर्ण विभागाने शिकवल्याचे नुसते नाटक केले तर तो विद्यापीठाचा अंतर्गत मामला, असा या दोन निकालांचा एकत्रित अर्थ प्रत्येक क्रीडा संचालकाने काढला असेल तर त्याला दोष देता येणार नाही. शिक्षक म्हणून मला याहून वाईट संदेश सुचत नाही, कारण यात प्रामाणिकपणे बोलणाऱ्याचे नुकसान झाले आणि गप्प राहून सर्वांना सारखेच फसवणाऱ्याचे काहीच बिघडले नाही.

तिसरी तक्रार वेळेची आहे, आणि माझ्या वर्गात मला रोज दिसते ती हीच. आपल्या नियमानुसार हंगामात आठवड्याला 20 तासांहून अधिक सक्तीचा सराव घेता येत नाही. परंतु 2014 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी संघटना करण्यासाठी अर्ज केला, तेव्हा राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी तपशील तपासून नोंदवले, की तिथले खेळाडू हंगामात आठवड्याला 40 ते 50 तास फुटबॉलला देतात. प्रवास, उपचार, चित्रफिती पाहणे, ‘ऐच्छिक’ म्हटला जाणारा व्यायाम, यांतले बरेचसे 20 तासांच्या मोजणीत येतच नाही. त्याच प्रकरणात क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चढाईचे सूत्र सांभाळणारे खेळाडू, केन कोल्टर यांनी सांगितले होते, की वैद्यकीय शिक्षणाकडे जायचे असूनही सरावाच्या वेळांमुळे त्यांना रसायनशास्त्राचा विषय वेळेवर घेता आला नाही आणि शेवटी पदवीचा मुख्य विषय बदलावा लागला. नॉर्थवेस्टर्नसारख्या अभ्यासासाठी नावाजलेल्या विद्यापीठात हे घडत असेल, तर इतरत्र काय होत असेल?

इतरत्र काय होते ते मी पाहिले आहे. माझ्या वर्गातल्या एका खेळाडूला फिजिओथेरपिस्ट व्हायचे होते. वर्गात मागे बसून गप्प राहणाऱ्यांपैकी तो नव्हता. संभाव्यतेच्या धड्यात त्याने विचारलेल्या शंकांवर मला पुढच्या तासाला नवी उदाहरणे तयार करून न्यावी लागत. जीवशास्त्राची प्रयोगशाळा दुपारी असे आणि संघाचा सरावही दुपारीच, म्हणून क्रीडा विभागातल्या सल्लागाराने त्याला असा मुख्य विषय सुचवला ज्याची सगळी व्याख्याने सकाळी संपतात. त्याने तो घेतला, पदवीही मिळवली, आणि मग त्याला कळले की फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणारे विज्ञानाचे विषय आपल्या गुणपत्रिकेत नाहीत. आपल्या अहवालात हा मुलगा यशस्वी म्हणून मोजलेला आहे. एकाच संघातले खेळाडू ठरावीक एक-दोन मुख्य विषयांमध्ये दाटीवाटीने आढळतात, हे अनेक विद्यापीठांत अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्यामागे त्या मुलांची आवड किती आणि सरावाचे वेळापत्रक किती, हे शोधण्याची इच्छा मात्र आपल्यात दिसत नाही. 2003 मध्ये आणलेला, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाअखेर पदवीचा अनुक्रमे 40, 60 आणि 80 टक्के भाग पुरा करण्याचा नियमही चांगल्या हेतूनेच झाला होता. पण मध्येच विषय बदलून अवघड शाखेकडे जाऊ पाहणाऱ्याची जुनी क्रेडिट (पुऱ्या केलेल्या विषयांचे श्रेयांक) नव्या पदवीत धरली जात नाहीत आणि त्याची खेळण्याची पात्रता धोक्यात येते, म्हणून तो आहे तिथेच थांबतो.

वेळ आणखी आक्रसेल असेच निर्णय मागच्या काही वर्षांत झाले. 2024 पासून लॉस एंजेलिसचे यूसीएलए आणि न्यू जर्सीचे रटगर्स बिग टेन या एकाच गटात, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेत, आहेत, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड व बर्कली ही विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी काही गटांचे सामने नोव्हेंबरमध्ये मंगळवारी आणि बुधवारी रात्री होतात. बारा संघांच्या नव्या अजिंक्यपद स्पर्धेची पहिली फेरी 2024 मध्ये 20 आणि 21 डिसेंबरला, म्हणजे सत्रपरीक्षांना लागूनच झाली आणि अंतिम सामना 20 जानेवारीला, नवे सत्र सुरू झाल्यावर. यांतला एकही निर्णय शिक्षकांना विचारून झालेला नाही.

चौथी तक्रार बदलीची. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल 2024 मध्ये आपण खेळाडूंना कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा दिली. प्रशिक्षक हवे तेव्हा करार मोडून जाऊ शकतात, तेव्हा खेळाडूलाही ते स्वातंत्र्य असलेच पाहिजे. पण तीन वर्षांत तीन विद्यापीठे बदललेल्या मुलाची किती क्रेडिट कोणत्या पदवीत धरली जातील, हे त्याला सही करण्यापूर्वी कुणी लेखी सांगत नाही. मोबदल्याचा आकडा मात्र त्याच्या आधीच ठरलेला असतो.

या सगळ्याचा परिणाम लपतो तो आपल्या पदवीदरात, म्हणजे किती खेळाडू पदवीधर होतात याच्या आकडेवारीत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पद्धतीत विद्यापीठ सोडून गेलेला विद्यार्थी तिथे पदवीधर न झालेला म्हणून मोजला जातो. हे अन्यायाचे आहे असे म्हणून आपण स्वतःची वेगळी पद्धत बनवली, जिच्यात अभ्यासाच्या दृष्टीने खेळायला पात्र असताना सोडून गेलेला खेळाडू पहिल्या विद्यापीठाच्या हिशेबातून वगळला जातो. तो पुढे दुसरीकडे दाखल झालाच नाही, तर त्याचे शिक्षण अर्धवट राहिल्याची नोंद कुणाच्याच खात्यावर पडत नाही. संख्याशास्त्र शिकवणारी म्हणून सांगते, की ज्या मोजमापात बिघडलेली प्रकरणे भाजकातूनच काढून टाकता येतात, त्या मोजमापाने काढलेला उंच दर अभिमानाने मिरवू नये. विशेषतः बदल्यांची संख्या एवढी वाढलेली असताना तर मुळीच नाही.

कुणी म्हणेल की या मुलांना अभ्यासात रसच नसतो. फ्लोरिडा स्टेटचे मायरन रोल फुटबॉल खेळत असतानाच ऱ्होड्स शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले आणि पुढे मेंदूचे शल्यविशारद झाले. ओहायो स्टेटचे कार्डेल जोन्स यांनी 2012 मध्ये, आम्ही इथे फुटबॉल खेळायला आलो आहोत, वर्ग कशाला, अशा आशयाचे ट्वीट केले तेव्हा सारा देश त्यांच्यावर तुटून पडला. त्याच जोन्स यांनी 2017 मध्ये पदवी पुरी केली, याची बातमी त्या मानाने फार थोड्यांपर्यंत पोहोचली. आपल्याच संस्थेच्या अंदाजानुसार महाविद्यालयीन फुटबॉलपटूंपैकी साधारण 1.6 टक्के मुलेच व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोहोचतात. उरलेल्यांना आयुष्यभर उपयोगी पडेल ते शिक्षणच. मोठ्या गटांच्या संघांमध्ये कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण फार मोठे आहे, ज्यांच्या घरातून विद्यापीठात येणारी ती पहिलीच पिढी असते अशीही पुष्कळ मुले त्यांत आहेत, आणि त्यांना निकस पदवी देऊन घरी पाठवण्यात जो अन्याय आहे तो परीक्षेच्या अटीतल्या अन्यायापेक्षा कमी नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक विद्यापीठाने, कुणाचेही नाव न देता, फुटबॉल संघातील मुले कोणते मुख्य विषय आणि कोणते वर्ग घेतात, त्या वर्गांतले त्यांचे आणि इतर विद्यार्थ्यांचे सरासरी गुण काय आहेत, हे दर वर्षी प्रसिद्ध करावे. चॅपल हिलमधला प्रकार अशा एका तक्त्यात पहिल्याच वर्षी दिसला असता. खेळाडूंचे शैक्षणिक सल्लागार क्रीडा संचालकाच्या हाताखाली नसावेत, त्यांची नेमणूक आणि पगार विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागाकडून व्हावा. बनावट वर्ग सर्वांना खुला होता, ही पळवाट नियमात दुरुस्ती करून बंद करावी आणि अशा प्रकरणांचा निवाडा सदस्य विद्यापीठांबाहेरच्या स्वतंत्र व्यक्तींकडे द्यावा. तक्रार करणाऱ्या शिक्षकाची किंवा शिकवणी घेणाऱ्या कर्मचाऱ्याची नेमणूक त्या कारणाने खंडित झाली, तर ते नियमभंगाचे प्रकरण मानावे.

ज्या मुलाची वाचनाची किंवा गणिताची तयारी कमी पडते त्याला पहिले वर्ष खेळाविना, पण पूर्ण शिष्यवृत्तीसह आणि खेळण्याच्या वर्षांत कपात न करता मिळावे. 20 तासांच्या मोजणीत प्रवास, उपचार आणि ‘ऐच्छिक’ व्यायाम धरावा, ती मोजणी खेळाडूंकडून थेट घ्यावी, आणि वर्ग चालू असलेल्या आठवड्यांत सोमवार ते गुरुवार सामने ठेवू नयेत. वर्षातले एक सत्र असे असावे की प्रयोगशाळेच्या वेळेत सराव लावताच येणार नाही. बदली स्वीकारणाऱ्या विद्यापीठाने किती क्रेडिट धरली जातील आणि पदवीला किती सत्रे लागतील हे सहीपूर्वी लेखी द्यावे, आणि खेळण्याची मुदत संपल्यावरही पदवी पुरी होईपर्यंतचा खर्च उचलावा. कोट्यवधी डॉलर वाटता येतात, तिथे हा खर्च परवडत नाही असे कुणी म्हणू नये. आणि आपला पदवीदर जिथे जिथे छापला जातो तिथे त्याच्याच शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, केंद्र सरकारच्या पद्धतीचा दरही छापावा.

आपले वार्षिक अधिवेशन दर जानेवारीत भरते. येत्या अधिवेशनाच्या विषयपत्रिकेवर या मागण्या घ्याव्यात, त्यावरील चर्चेत वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि सध्याच्या खेळाडूंना बोलू द्यावे, आणि ज्या मागण्या मान्य होणार नाहीत त्यांची कारणे लेखी व जाहीर स्वरूपात द्यावीत, ही विनंती. या पत्राच्या मराठी वाचकांना माझी विनंती अशी, की आपली मुले ज्या विद्यापीठात शिकतात त्याच्या अध्यक्षांना पत्र लिहून वरच्या मागण्यांपैकी निदान पहिली, म्हणजे वर्गनिहाय तक्ता प्रसिद्ध करण्याची, त्यांच्याकडे करावी.

आपली विश्वासू,
अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठातील संख्याशास्त्राची शिक्षिका